ठेका चुकवणाऱ्या उपासनीबाई

उपासनीबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "रेडिओवर काय लागलं की तुमचे दादा उठून बंद करतात?"

मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. आत माझा थोरला भाऊ व्हेंटिलेटरवर. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, आणि ही ठेंगणीशी, साठीची, सुती साडीतली बाई समोर उभी राहून मला रेडिओचं विचारतेय! मी स्वभावानं तशी तोंडाळच. शिवणाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून जीभ आणखी धारदार झालेली. म्हटलं, "अहो बाई, माणूस वाचतो की नाही याची इथं पंचाईत, आणि तुम्हाला रेडिओ सुचतोय?"

बाई रागावल्या नाहीत. माझ्या शेजारी बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आवडतं काय ते सगळेच सांगतात हो. आणि बहुतेक खोटं सांगतात. आमच्या मामांना तमाशातली लावणी आवडते, असं हॉस्पिटलात कोण सांगेल? सगळे म्हणतात, देवाचं लावा. म्हणून मी नावडतं विचारते. नावडतं मात्र माणसं खरं सांगतात."

तेवढ्यात डॉक्टर पगार बाहेर आले आणि त्यांनी ओळख करून दिली. या उपासनीबाई. पेशंटसाठी संगीतोपचार करतात. ऐकल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली, ती बाईंनी बरोबर टिपली. "पडू द्या आठी," त्या म्हणाल्या. "मी काही वीणा घेऊन आत जाणार नाहीये. आणि मी कुणाला बरं करत नाही. बरं करायला हे आहेत. माझं काम एवढंच, की बरं होताना माणूस फार घाबरू नये."

माझा दादा फार घाबरत होता. तेच तर सगळं दुखणं होऊन बसलं होतं. सायखेड्याला आमची थोडी जमीन आहे, तिथं तो कोबी, टोमॅटो करतो. साधा खोकला म्हणून अंगावर काढला, त्याचा निमोनिया झाला, आणि एका दुपारी वाफ्याच्या कडेला बसला तो उठेचना. नाशिकला आणेपर्यंत ओठ निळे. मग घशातून नळी, नळीला मशीन. औषधं लागू पडली, छाती सुधारत होती. पण रोज सकाळी डॉक्टर झोपेचं औषध कमी करायचे, म्हणजे दादानं जागं व्हावं आणि मशीनवर विसंबून न राहता आपला आपण श्वास घेऊन बघावा. आणि रोज दादा जागा झाला की डोळे फाडून इकडंतिकडं बघायचा, नळी ओढायला जायचा. म्हणून त्याचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. मग तो आणखी झटे घ्यायचा, छाती धपापायची, यंत्रं बोंबलायला लागायची, आणि सिस्टर धावत येऊन त्याला परत झोपवायच्या. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"फुप्फुस साथ देतंय, पण ते घाबरले की श्वासाची लय बिघडते," डॉक्टर म्हणाले होते. "जितके दिवस मशीनवर राहतील तितका नव्या जंतूंचा धोका. असंच चाललं तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालावी लागेल." त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळ लोक त्यातून बरे होतात, हेही त्यांनी नीट समजावलं. पण मालनवहिनीच्या कानात 'गळा' आणि 'छेद' एवढंच शिरलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली. "ताई, त्यांचा गळा नका हो कापू देऊ," एवढंच ती मला सारखं म्हणत राहिली, जणू काही सुरी माझ्याच हातात होती.

तर अशा माणसांत उपासनीबाई आल्या. मी त्यांना जमेस धरायला तयारच नव्हते. पण दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला त्यांच्याबरोबर आत गेले आणि माझं मत जरा हललं. वाटलं होतं, बाई डोळे मिटून आलाप लावतील. कसलं काय! त्या दादाच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मशीन श्वास भरतं कधी, सोडतं कधी, नाडीचा आकडा कुठं आहे. बाईंच्या डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, दिसत होते फक्त डोळे, आणि ते डोळे परीक्षेला बसलेल्या पोरीसारखे भेदरलेले होते. मग त्यांनी इतक्या हळू गुणगुणायला सुरुवात केली की मला आधी वाटलं कुठलं तरी यंत्रच वाजतंय. शब्द नाहीत, नुसता खालचा स्वर, आणि दादाच्या धापेच्या वेगानं. मला कळेना, ही बाई त्याला शांत करायला आलीय की त्याच्यासारखीच धापा टाकायला?

बाहेर आल्यावर विचारलंच. म्हणाल्या, "चिडलेल्या नवऱ्याला 'शांत व्हा' म्हटलं तर काय होतं?"

"आणखी चिडतो."

"मग! आधी त्याच्या चालीनं चालायचं. त्याला वाटलं पाहिजे की हे माणूस माझ्याबरोबर आहे. मग चार पावलांनी आपण थोडं हळू व्हायचं. कधी तो आपल्याबरोबर हळू होतो, कधी नाही होत." आणि लगेच, "नाही झाला तर माझ्यावर चिडू नका हं. चिडलात तरी चालेल. पण डॉक्टरांवर नका चिडू."

हे असं होतं त्यांचं. एक वाक्य धीराचं बोलायच्या आणि मागोमाग एक भीतीचं. इतकी घाबरट बाई मी जन्मात पाहिली नाही. आत जायच्या आधी त्यांचे हात बर्फासारखे गार पडायचे. बाहेर आल्या की बाकावर बसून स्वतःचीच नाडी बघायच्या. घरी पोचल्यावर फोन ठरलेला : "कसे आहेत? नाही, सहज विचारलं हो. काही कमीजास्त नाही ना?" एकदा मी म्हटलं, "एवढी भीती वाटते तर हे काम घेतलंत कशाला? शाळेत बऱ्या होतात की." वीसेक वर्षं त्यांनी शाळेत गाणं शिकवलं होतं, आणि मग उतारवयात रीतसर हे शिक्षण घेतलं होतं. म्हणाल्या, "शाळेत माझं गाणं सुरू झालं की पोरं पाणी प्यायला उठून जायची. इथं निदान कुणी उठून जात नाही." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच दचकून इकडंतिकडं पाहिलं, कुणाच्या नातेवाइकानं ऐकलं की काय म्हणून.

खरं कारण मला हॉस्पिटलच्या फाटकात कळलं. आम्ही दोघी रिक्षा बघत उभ्या होतो. मागून एक गाडी रिव्हर्स घेत, टुं टुं वाजत आमच्याकडं यायला लागली, आणि बाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. चेहरा पांढराफटक. गाडी थांबली, आवाज थांबला, तेव्हा कुठं त्यांनी हात सोडला. फार पूर्वी त्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आणि त्याही अशाच खोलीत अशाच पडून होत्या. वेदना विसरल्या, माणसं विसरल्या. यंत्राचं टुं टुं तेवढं राहिलं. "अजूनही कुठं वाजलं की हातापायांतलं बळ जातं हो माझं," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत कानाला दुसरं काही मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं सारखं वाटायचं. म्हणून शिकले. पण आत पाऊल टाकताना रोज वाटतं, बाई गं, कुठं येऊन पडले मी."

मला वाटतं, त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

आणि नेमका तेव्हाच घोळ झाला.

आमचा दादा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. नुसता वाजवतो नाही, मंडळ त्याच्या हातावर चालतं. "ते काय बंदबिंद करत नाय रेडिओ," वहिनी बाईंना म्हणाली होती. "त्यांना भजनाबिगर दुसरं काय कळतच नाय." मंडळाचे सोपानतात्या आणि दोघंतिघं दादाला बघायला आले, त्यांच्या कानावर गाण्याच्या उपचाराचं गेलं, आणि मंडळी एकदम फुलारली. आपल्या रामभाऊला आपलंच भजन ऐकवायचं! तात्यांच्या मोबाइलात मंडळाची पुष्कळ भजनं भरलेली. बाकावर बसून त्यांची निवड सुरू झाली, लग्नातल्या आहेरासारखी. हे नको, यात पेटी बेसूर हाय. ते नको, त्यात पोरं लय कालवा करतेत. शेवटी तात्यांनी एक काढलं आणि छातीला हात लावून म्हणाले, "हे घ्या बाई. यात रामाचा पखवाज लय खणखणीत वाजलाय. असा त्यो परत वाजवला नाय."

बाईंनी ते आधी स्वतः ऐकलं. डॉक्टरांना विचारलं. आवाज किती ठेवायचा, किती वेळ लावायचं, सगळं ठरवून घेतलं. त्या दिवशी झोपेचं औषध कमी केलेलं होतं. दादानं डोळे उघडले, तेव्हा ते नेहमीइतके भेदरलेले नव्हते. बाईंनी त्याच्या कानाशी मोबाइल धरला. टाळ सुरू झाले, मग पखवाज. वहिनी काचेबाहेरून हात जोडून बघत होती.

आणि दादा पेटला. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. सगळं अंग ताठ, डोळे खोबणीतून बाहेर, मान अशी जोरजोरात हलवायला लागला की नळी निघतेय की काय. बाईंनी मोबाइल तत्क्षणी बंद केला, पण त्याचं थांबेना. यंत्रं ओरडायला लागली. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, आम्हाला बाहेर काढलं. इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं तो निपचित पडला. त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी येऊन कानात गेलेलं मी पाहिलं, ते अजून विसरले नाही.

डॉक्टर पगार बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "आता गाणं थांबवू या. सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर गळ्यातून नळी घालू." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. वहिनीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मंडळाची माणसं खाली माना घालून बसली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी सोपानतात्यांवरच खेकसले : "कुठलं भजन होतं हो ते? कधीचं?"

"कधीचं म्हंजी, आपल्या भिकाबाबांचं," तात्या म्हणाले. "बाबांना नेलं तवाचं. पार घाटापर्यंत रामा थांबला नाय, असा वाजीवला..." आणि बोलता बोलता म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

आमच्याकडं कुणी गेलं की भजनी मंडळ मयतापुढं चालतं. पुढं टाळ, मधे पखवाज, मागं तिरडी. वर्षानुवर्षं दादा हा पखवाज गळ्यात अडकवून गावातल्या प्रत्येकाला नदीपर्यंत पोचवत आलाय. आणि इथं तो उताणा पडलेला, हात बांधलेले, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि कानाशी त्याचंच मंडळ तीच चाल घेऊन निघालंय. त्याला काय वाटलं असेल हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? पण मंडळींना ते दिसलंच नव्हतं. त्यांना दिसला होता खणखणीत वाजलेला पखवाज. वादकांची जातच अशी, मेली!

"म्हणजे त्यांना वाटलं, आपल्यालाच नेतायत," बाई हळूच म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि डोकं धरून म्हणाल्या, "कधी वाजवलंय ते मी विचारलंच नाही. काय आहे ते विचारलं, कधीचं ते नाही विचारलं."

दुसरी कुणी असती तर तिथून पाय लावून पळाली असती. मी असते तर नक्की पळाले असते. उपासनीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. डोळे सुजलेले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शोभाताई, मंडळ मयताला जातं तेव्हा कुणी चुकलं तर थांबतात का?"

"थांबतील कसे? मयत काय रस्त्यात ठेवणार?"

"आणि तालमीला?"

मला हसूच आलं, त्या तसल्या वेळी. तालमीला दादा भजन कमी करतो आणि भांडण जास्त. लहानपणी मी त्याच्या शेजारी बसून बघितलंय. टाळकरी जरा पुढं पळाला की हा पखवाज थांबवणार, कपाळाला आठ्या घालणार, त्याच्या गुडघ्यावर बोटानं ठेका मोजून दाखवणार आणि म्हणणार, "गाडी सुटली का तुझी? परत घे." एकेक ओळ दहादा घ्यायला लावायचा. लोक वैतागायचे. हे सगळं मी बाईंना सांगितलं.

बाई ऐकत होत्या आणि त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. "मग त्यांना चुकलेलं ऐकवायला हवं," त्या म्हणाल्या. "चुकतं आणि परत घेतात, तिथं माणसं जिवंत असतात."

डॉक्टरांना पटवणं सोपं नव्हतं. बाईंनी आदल्या दिवशीचं कारण सांगितलं, काय करणार ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "आकडा जरा जरी चढला तरी मी थांबेन. तुम्ही इथंच उभे राहा. मला एकटीला भीती वाटते." डॉक्टर "एकदाच," म्हणाले. वहिनीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला नका इचारू. माझ्या तोंडातनं हो पण निघत नाय आन् नाय पण निघत नाय." मग 'हो' मी म्हटलं. पुन्हा तसंच झालं तर वहिनीला कुठल्या तोंडानं भेटणार होते मी?

औषध कमी केलं. दादा जागा व्हायला लागला. बाईंनी सुरुवात तीच केली, त्याच्या धापेबरोबर नुसता खालचा स्वर. मग एक साधी गवळण धरली, कुणालाही येणारी. पहिल्या ओळीच्या मध्येच अडखळल्या. "छे छे, परत," असं बोलल्या, तालमीत बोलतात तशा, आणि परत घेतली. या खेपेला मांडीवर हातानं ठेका धरला आणि ओळीच्या शेवटी चक्क एक मात्रा खाल्ली. मला त्यातलं फार कळत नाही, पण ते कानाला खडा लागल्यासारखं झालं. नाडीचा आकडा थोडा वर गेला. बाईंनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली, चालू द्या. बाईंनी परत घेतलं, परत तिथंच चुकल्या. आणखी एकदा. मी मनातल्या मनात सप्तशृंगीला काय काय कबूल करत होते ते तिलाच ठाऊक.

आणि दादाच्या कपाळाला आठी पडली.

भीतीची नव्हे. मी ती आठी जन्मभर ओळखते. पट्टीनं बांधलेल्या हाताचं बोट उचललं गेलं आणि गादीवर पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. बाई चुकत होत्या तिथं ते बोट जोरात आपटत होतं. गाडी सुटली का तुझी, परत घे! बाईंनी परत घेतलं, आणि त्या बोटाच्या मागोमाग गेल्या. बोट सांगेल तसं. आणि बोट सावकाश चाललं होतं, दादाचा ठेका मुळातच संथ. हळूहळू आकडा खाली आला. छातीचं धपापणं ओसरलं. दादा नळीशी झगडायचं विसरून बाईंचा ठेका सुधारत बसला होता. डॉक्टर मशीनची मदत कमी करत गेले आणि त्याचं त्याला कळलंही नाही.

असं दोन दिवस केलं. सोमवारी घशातली नळी काढली. गळा कापावा लागला नाही. दादा खोकला, घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं, आणि वहिनी हॉस्पिटलच्या फरशीवर पालथी पडून नमस्कार घालायला लागली, कुणाला ते तिलाही माहीत नसेल. उपासनीबाई तेव्हा पलीकडच्या पलंगाशी दुसऱ्या एका बाईंजवळ उभ्या होत्या. त्यांनी लांबूनच बोटानं विचारलं, निघाली? मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, आणि पुन्हा त्या दुसऱ्या बाईंच्या श्वासाकडं वळल्या.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढं झालं ते सांगितल्याशिवाय उपासनीबाई कळायच्या नाहीत.

दादाला साध्या खोलीत हलवलं. उठून बसायला लागला, वहिनी त्याला पेज भरवायची. एक दिवस दुपारी बाई त्याला भेटायला आल्या. दाराबाहेर, कॉरिडॉरमध्येच मला भेटल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "कसे आहेत? जेवतात का?" एवढंच. आवाज काही चढा नव्हता. पण आत पेजेची वाटी खाली पडल्याचा आवाज आला. मी धावले. दादा भिंतीला चिकटला होता. दोन्ही हातांनी गळा धरलेला, चेहरा राखेसारखा, श्वास पुन्हा तसाच, कुत्र्यासारखा. "आल्या," तो म्हणत होता. "शोभे, न्यायला आल्या मला. परत नळी घालतील गं. नको. त्यांना सांग, नको."

मी बाहेर आले तेव्हा बाई कॉरिडॉरच्या टोकाला पोचल्या होत्या. तोंडावर पदर घट्ट धरलेला. मला हातानंच खूण केली, तिथंच थांबा, येऊ नका. आणि जिना उतरून गेल्या.

मी भयंकर चिडले होते. दादावर, नशिबावर, सगळ्यांवर. संध्याकाळी फोन केला आणि म्हटलं, "एवढं केलंत तुम्ही, आणि त्यानं तुम्हाला भूत समजावं? मी त्याला समजावते. तुम्ही उद्या या." बाई म्हणाल्या, "अजिबात समजावू नका. मला गाडीचं जसं होतं, तसं त्यांना माझं झालंय. त्यात त्यांचा काय दोष? तिथं त्यांच्या कानात जे काही होतं ते सगळं त्या खोलीचं झालं. माझा आवाजसुद्धा." आणि लगेच, "मी गेल्या गेल्या त्यांचा श्वास बसला का? ऑक्सिजन किती होता?"

दादा घरी गेला. शेतात जायला लागला. आयसीयूचं त्याला फारसं आठवत नाही, आठवलेलं बोलत नाही. एकदाच म्हणाला होता, "कुणीतरी बाई होती गं. सारखी ठेका चुकायची. लय राग यायचा मला तिचा." ती कोण ते मी त्याला सांगितलं नाही. बाईंनी शपथच घातली होती.

मग दादाच्या मुलीचं, आमच्या अर्चनाचं लग्न ठरलं. वहिनी पहिली पत्रिका माझ्या हातात देऊन म्हणाली, "ही उपासनीबाईंची. त्यांना बोलावल्याबिगर माझ्या पोरीवर अक्षता पडायच्या नायत." म्हटलं, "अगं, पण दादाचं काय?" वहिनी म्हणाली, "त्ये मला माहीत नाय. बाई हुशार हायेत. त्या करतील बरोबर." मी बाईंकडं गेले तेव्हा त्यांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. त्या मुलीकडं इंदूरला राहायला निघाल्या होत्या, कायमच्या. पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, दोनदा वाचली. "येईन की," म्हणाल्या. "त्यांनी माझा चेहरा कुठं पाहिलाय? मास्कच होता. येईन, अक्षता टाकीन, जेवीन. बोलणार नाही."

"अख्ख्या लग्नात?"

"तुम्हाला जमणार नाही. मला जमेल."

आल्या. हिरव्या काठाची साडी नेसून आल्या, गर्दीत मागं उभ्या राहिल्या. मी दिवसभर त्यांच्याकडं डोळे लावून होते. नवरीकडं माझं लक्षच नव्हतं. कुणी नाव विचारलं की हसायच्या, कुणी बसायला खुर्ची दिली की हात जोडायच्या. मंगलाष्टकं चालू असताना सगळ्या बायका सुरात सूर मिळवत होत्या, आणि ही जन्मभर गाण्यात राहिलेली बाई ओठ घट्ट मिटून अक्षता टाकत होती.

जेवणाच्या पंगतीला दादा स्वतः जिलबीचं ताट घेऊन वाढायला निघाला. मुलीचा बाप, वाढायचा मान त्याचा. प्रत्येकापाशी थांबून आग्रह करत करत तो बाईंपुढं आला. "घ्या की बाई. लाजू नका. आपलंच घर हाय." बाईंनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. निर्धास्त, हसणारा, स्वतःच्या पायांवर उभा असलेला दादा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. त्या हसल्या आणि पानावर हात आडवा धरला. दादानं पुन्हा विचारलं, "गोड चालत नाय का? मग भजी सांगू? कुठनं आल्या तुम्ही, नाशिकनं का?" बाईंनी नुसती मान हलवली.

दादा ताट घेऊन माझ्यापाशी आला. "शोभे, त्या हिरव्या काठाच्या बाई कोण गं? तिनदा इचारलं, बोलतच नायत. मुक्या हायेत का?"

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, हीच ती! त्या पंगतीतून बाई माझ्याकडं बघत होत्या. घाबरून बघत होत्या.

"हो दादा," मी म्हटलं. "मुक्या आहेत."

"अरारा," दादा म्हणाला. त्यानं हातातलं ताट माझ्याकडं दिलं. "मग त्यांना कोण बघणार? काय लागलं तर मागता यायचं नाय बिचारीला." आणि तो परत गेला. बाईंच्या पानासमोर उकिडवा बसला. वरणावर तूप घातलं, लिंबाची फोड शोधून आणली, पाण्याचा पेला भरून जवळ सरकवला. त्याला हाका येत होत्या, व्याही शोधत होते, तो उठला नाही. बाईंचं जेवण होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडं बघत, आता काय हवं असेल ते ओळखत, तो तिथंच बसून राहिला. आणि उपासनीबाई खाली मान घालून, एकेक घास सावकाश, पान स्वच्छ होईपर्यंत जेवत राहिल्या.